पिस्तूल साफ करायला कोणतं सॉल्व्हंट वापरावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात पिस्तूल नेमबाजी शिकवते. मे महिना संपत आला, पावसाचे ढग दिसायला लागले की माझ्या फोनवर प्रश्नांची रांग लागते. काही विचारणारे स्पर्धा खेळणारे असतात, काहींकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं कपाटात असतं. सगळ्यांना "जोरदार" काहीतरी हवं असतं. मला मात्र त्यांना उलटं सांगावं लागतं: आधी मळ ओळखा, मग त्याला पुरेल एवढंच सौम्य सॉल्व्हंट घ्या. पुढचे प्रश्न लोकांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत.

१. सॉल्व्हंट आणि तेल यात फरक काय? एकच बाटली आणली तर चालत नाही का?

सॉल्व्हंट मळ सुटा करतं. तेल घर्षण कमी करतं आणि धातूवर पातळ थर धरून गंज अडवतं. चांगलं सॉल्व्हंट मळाबरोबर जुनं तेलही काढून नेतं. म्हणजे सॉल्व्हंट लावून तसंच ठेवलेलं पोलाद उघडं पडलेलं असतं.

"सीएलपी" नावाखाली मिळणारी द्रव्यं साफ करणं, वंगण आणि संरक्षण ही तिन्ही कामं थोडी थोडी करतात. महिन्यातून एकदा पन्नास गोळ्या झाडणाऱ्याला एक चांगलं सीएलपी पुरतं. शिसं किंवा तांबं साचलं असेल, तर ते एकटं पुरत नाही.

२. माझ्या पिस्तुलात नेमका कोणता मळ असतो, हे मला कसं कळणार?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून इथे जरा थांबते.

गोळी झाडल्यावर नळीत आणि चेंबरभोवती, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेभोवती, मुख्यतः तीन गोष्टी राहतात. पहिली, जळलेल्या दारूची काजळी, म्हणजे कार्बन. दुसरी, शिसं. तिसरी, गोळीवर तांब्याचं आवरण असेल तर तांबं. त्यात कॅपमधल्या, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या, मिश्रणाचे अंशही मिसळतात आणि त्यातही बहुधा शिशाचं संयुग असतं.

कशात काय, हे काडतुसावर ठरतं. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, तो .२२ चा प्रकार आहे. .२२ ची गोळी शिशाची असते आणि वर मेणाचा किंवा चरबीचा हात असतो. म्हणून त्या नळीत मेणकट काजळी आणि शिसं सापडतं, तांबं जवळपास नसतं. .३२ च्या रिव्हॉल्व्हरमध्येही बहुधा शिशाचीच गोळी असते. .३२ ऑटोच्या पिस्तुलात मात्र आवरणाची गोळी चालते, तिथे तांब्याचा विचार करावा लागतो.

आता हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगते. पांढऱ्या सुती कापडाचा चौकोन सॉल्व्हंटमध्ये भिजवून नळीतून एकदा काढा. तो काळाकुट्ट निघेल, ती काजळी. दहा मिनिटं थांबून ब्राँझचा ब्रश फिरवा आणि दुसरा चौकोन काढा. त्यावर करड्या, चमकणाऱ्या बारीक चकत्या दिसल्या तर ते शिसं. तांब्यासाठीचं अमोनियायुक्त द्रव्य लावल्यानंतर चौकोन हिरवट-निळा निघाला तर ते तांबं. पण त्या द्रव्याबरोबर ब्राँझचा ब्रश वापरला असेल, तर ब्रशातलंच तांबं विरघळून निळा रंग येतो आणि माणूस तासभर स्वच्छ नळी घासत बसतो. त्या वेळी नायलॉनचा ब्रश घ्या.

३. सॉल्व्हंटची बाटली उघडण्याआधी काय करायचं?

मॅगझिन बाहेर काढा. स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून पाहा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून काडतुसाचं प्रत्येक घर रिकामं आहे का ते मोजून पाहा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. दुसऱ्याच खोलीत, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नाही. यात सॉल्व्हंटचंही एक कारण आहे: पातळ, झिरपणारं द्रव्य काडतुसाच्या बुडाशी गेलं तर कॅप निकामी होऊ शकते आणि ऐन वेळी काडतूस फुटत नाही.

शस्त्र ज्याच्या परवान्यावर आहे त्यानंच ते हाताळावं. "तू जरा पुसून ठेव" असं घरातल्या कुणाला सांगू नये.

४. घरी रॉकेल आहे. आजोबा त्यानंच साफ करायचे. चालेल का?

काजळी आणि मेणकट मळ रॉकेलनं निघतो, हे खरं आहे. बाजारातल्या बऱ्याच जुन्या बंदूक-सॉल्व्हंटांचा पाया रॉकेलच्याच जातीचा आहे. आजोबा चुकत नव्हते.

अडचणी तीन आहेत. रॉकेल शिशावर आणि तांब्यावर फारसं चालत नाही. ते गंजापासून वाचवत नाही, म्हणून नंतर पुसून तेल लावणं सक्तीचं. तिसरी अडचण आगीची. भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. जानेवारीच्या सकाळी जे द्रव्य बऱ्यापैकी निर्धोक असतं, ते मेच्या दुपारी तसं राहत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या डब्यात रेशनचं निळं रॉकेल उरलं असेल, तर त्याचा निळा रंग चौकोनावर उतरतो आणि तो तांब्याचा वाटतो.

५. मग पेट्रोल? किंवा रंगवाल्याकडचा थिनर, अॅसिटोन?

तिन्ही नाहीत.

पेट्रोलचा ज्वलनबिंदू शून्याखाली जवळपास चाळीस अंश आहे. म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही खोलीत त्याची वाफ पेटायला तयार असते. त्यात बेंझिन असतं आणि बेंझिननं कर्करोग होतो, याबद्दल शास्त्रात आता वाद उरलेला नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावाही धरतं. गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर पेट्रोलनं धुताना पाहिलं म्हणून घरात तसं करू नका.

थिनरमध्ये बहुधा टोल्यूइन आणि अॅसिटोनसारख्या द्रव्यांचं मिश्रण असतं. बाटलीवर नेमकं काय लिहिलंय हे बघायला जावं, तर अनेकदा काहीच लिहिलेलं नसतं. तो लाकडावरचं पॉलिश, रंग आणि बरंचसं प्लॅस्टिक खातो. माझ्या हातून हे झालेलं आहे. शिकवायला लागले तेव्हा एका विद्यार्थिनीच्या पिस्तुलाच्या पुढच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या खुणेवर, काजळी बसली होती. मी थिनरचं फडकं फिरवलं. साइटमधला लाल फायबरचा दांडा आधी पांढुरका झाला, मग त्याचं टोक बोटाखाली चिकट लागायला लागलं. तिची स्पर्धा चार दिवसांवर होती. त्या दिवसापासून माझ्या पेटीत थिनर नाही.

६. मग साधं, स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित असं काय घेऊ?

काजळीसाठी पेट्रोलियमवर आधारलेलं, कमी वासाचं, खास बंदुकीसाठी बनवलेलं सॉल्व्हंट किंवा सीएलपी घ्या. बॅलिस्टॉलसारखं खनिज तेलावर आधारलेलं द्रव्य जर्मनीत १९०४ पासून आहे. ते पाण्यात मिसळतं आणि लाकूड, चामडं यांना सहसा त्रास देत नाही. हॉप्पेचं नंबर नऊ १९०३ पासूनचं. त्याचा केळ्यासारखा वास जुन्या नेमबाजांना ओळखीचा आहे, पण बंद खोलीत तो डोक्यात जातो.

ही द्रव्यं मिळाली नाहीत, तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. काजळीवर ते रॉकेलइतकंच काम करतं, आगीची काळजीही रॉकेलइतकीच घ्यावी लागते (प्रश्न ४). ते बोहरी आळीत सुटं घेण्यापेक्षा लेबल लावलेल्या बंद डब्यात घ्या.

घ्यायच्या आधी त्या द्रव्याचं सुरक्षितता माहितीपत्रक मागा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. त्यात सोळा विभाग असतात. सगळे वाचायची गरज नाही. दुसऱ्या विभागात धोके, आठव्यात हातमोजे आणि हवेशीरपणा, नवव्यात ज्वलनबिंदू असतो. ज्वलनबिंदू साठच्या वर असलेलं द्रव्य मिळालं, तर पुण्याच्या उन्हाळ्यासाठी तेच घ्या.

७. डब्ल्यूडी-४० मारलं की झालं ना?

१९५३ मध्ये ते पाणी हुसकावण्यासाठी बनवलं गेलं, नावातली दोन अक्षरंही त्याचीच आहेत. पावसात भिजून आलेल्या पिस्तुलावर पहिल्या पाच मिनिटांत त्याचा उपयोग होतो. हलकी काजळीही निघते. पण ते टिकणारं वंगण नव्हे, आणि थरावर थर चढवत गेलं तर चिकट पापुद्रा धरतं. फायरिंग पिनच्या, म्हणजे कॅपवर आपटणाऱ्या सुईच्या, भोकात कधीच फवारू नका. तिथे साचलेल्या ओलीत काजळी बसून पिन मंदावते.

८. गॅरेजमधला ब्रेक क्लीनर काही सेकंदांत सगळं धुऊन काढतो. काय वाईट आहे?

डब्यावरचे घटक वाचा. ब्रेक क्लीनर दोन जातींचे असतात. एकात क्लोरीनची सॉल्व्हंटं, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन, टेट्राक्लोरोइथिलीन किंवा डायक्लोरोमिथेन. ही सहज पेट घेत नाहीत म्हणून लोकांना सुरक्षित वाटतात. पण ट्रायक्लोरोइथिलीन माणसात कर्करोग घडवतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलं आहे, आणि टेट्राक्लोरोइथिलीन बहुधा घडवतं, असं म्हटलं आहे. शिवाय यांची वाफ ज्योतीत किंवा तापलेल्या धातूवर गेली, तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. दुसऱ्या जातीत क्लोरीन नसतं, पण ती झटकन पेटते.

दोन्ही जाती धातू इतका कोरडा करतात की पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर तपकिरी ठिपके दिसतात. वापरायचाच असेल तर उघड्यावर, फक्त पोलादी सुट्या भागांवर, आणि नंतर लगेच तेल. घराच्या आत अजिबात नको.

९. आयसोप्रोपिल अल्कोहोल? ते तर दवाखान्यातही वापरतात.

तेलकट बोटांचे ठसे, फ्रेमवरचा मळ, साइटवरची धूळ यासाठी छान आहे. बहुतेक प्लॅस्टिकला त्यानं काही होत नाही. नळीतल्या शिशावर ते निरुपयोगी, भाजलेल्या काजळीवर जेमतेम. ज्वलनबिंदू साधारण १२ अंश, म्हणून आगीच्या बाबतीत ते पेट्रोलच्या बाजूला जास्त आहे. कापसाच्या काडीवर घेऊन वापरा, वाटीत ओतून नव्हे. लाखेचं पॉलिश असलेल्या लाकडी ग्रिपवर लावू नका, पॉलिश पांढरं पडतं.

१०. फ्रेम पॉलिमरची आहे आणि ग्रिप लाकडाची. दोन्हीला चालेल असं काही?

पॉलिमर फ्रेम बहुतेक काचतंतू घातलेल्या नायलॉनची असते आणि नायलॉन पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटांना चांगलं तोंड देतं. घोटाळा होतो तो फ्रेमवर बसवलेल्या लहानसहान भागांचा: फायबर साइट, रेड डॉट साइटचं भिंग, रबरी चकत्या, रंगवलेले ठिपके. म्हणून द्रव्य पिस्तुलावर ओतू नका. कापडावर घ्या आणि पुसा.

लाकडी ग्रिप साफसफाईआधी काढून ठेवा. अक्रोडाच्या लाकडात तेल मुरलं की ते काळवंडतं, मऊ होतं, आणि स्क्रूखालची जागा बसते. ग्रिपची पकड हातानुसार घासून बनवलेली असते. ती बिघडली तर नेमबाजाचे महिने वाया जातात. ग्रिपला जवसाचं तेल लावत असाल, तर ते फडकं चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून किंवा मोकळं पसरून वाळवा.

११. निकेल मुलामा किंवा काळं ब्लूइंग असेल तर?

ब्लूइंगला पेट्रोलियमचं सॉल्व्हंट चालतं, आम्ल चालत नाही. गंज काढायची द्रव्यं, लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं आम्ल यांनी गंजाबरोबर ब्लूइंगही निघून जातं. ब्लूइंग हा मुळात लोखंडाच्या ऑक्साइडचाच थर आहे. बारीक गंज दिसला तर तेल लावून तासभर थांबा आणि मऊ कापडानं चोळा. तारेची घासणी नको.

निकेलखाली अनेकदा तांब्याचा थर असतो. मुलाम्याला चीर असेल, तर अमोनियाचं द्रव्य आत शिरून ते तांबं खातं आणि वरचं निकेल पोपडे धरून सुटतं. म्हणून निकेलवर अमोनिया नकोच. इतर पोलादावरही लेबलवरच्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, रात्रभर तर नाहीच. आणि अमोनियाच्या शेजारी ब्लीच ठेवू नका. दोन्ही मिसळले की क्लोरामाइन तयार होतो आणि श्वास कोंडतो.

१२. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात घालून ठेवलं की शिसं विरघळतं, असा व्हिडिओ पाहिला.

विरघळतं, हे खरं आहे. म्हणूनच करू नका. घट्ट चिकटलेल्या चकत्यांच्या जागी तुमच्या हातात पाण्यात विरघळलेलं शिशाचं अॅसिटेट येतं. शिशाचं हे विषारी रूप शरीरात सहज शिरतं. ते सांडतं, वाळतं, भुकटी होते, बेसिनमध्ये जातं. शिसं संपल्यावर तेच मिश्रण नळीच्या पोलादाला लागतं. नळीला शिशासाठी सॉल्व्हंटमध्ये भिजवून पंधरा मिनिटं ठेवा, मग ब्राँझचा ब्रश फिरवा. दोन-तीन वेळा करावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

१३. दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. नेमकं कुठे बसू?

बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीपाशी, वारा तुमच्या पाठीकडून बाहेर जाईल असं. या सॉल्व्हंटांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. म्हणून स्वयंपाकघर नको. गॅस गीझर लावलेली न्हाणी नको. देवघरात समई तेवत असेल तर शेजारची खोलीही नको. फ्रिज आणि इन्व्हर्टरच्या जवळ बसू नका, त्यांच्यात बारीक ठिणगी पडते. सगळी बाटली उघडी ठेवू नका. झाकणभर द्रव्य काचेच्या लहान बरणीत काढा आणि बाटलीचं झाकण लावा. खाली जुनं वर्तमानपत्र नव्हे, ट्रे ठेवा. कागदातून शिशाची भुकटी खाली उतरते.

डोकं दुखलं, गरगरलं किंवा वास येईनासा झाला, तर काम थांबवून बाहेर जा. वास न येणं हे वाफ संपल्याचं लक्षण नाही, नाक थकल्याचं आहे.

१४. हातमोजे कुठले?

नायट्राइलचे. लॅटेक्सचे पातळ मोजे पेट्रोलियमच्या द्रव्यात फुगून फाटतात. अॅसिटोनपुढे नायट्राइलही टिकत नाही, पण अॅसिटोन तुम्ही घेणारच नाही आहात (प्रश्न ५). डोळ्यांना चष्मा हवा, कारण ब्रश नळीबाहेर येताना शिंतोडे उडवतो. डोळ्यांत गेलंच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

१५. घरात लहान मूल आहे. मी स्वतः गरोदर आहे. साफ करू का?

गरोदरपणात करू नका, आणि आईचं दूध चालू असेपर्यंतही नको. शिसं नाळेतून बाळापर्यंत पोहोचतं. तुमचं शस्त्र दुसऱ्याच्या हाती देऊन घरी साफ करवून घेऊ नका (प्रश्न ३). परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा क्लबच्या आर्मररकडे (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्याकडे) रीतसर द्या. नेमबाजी चालू ठेवायची की नाही, हेही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मुलांच्या रक्तातल्या शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित असल्याचं माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशाचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. म्हणून काम झाल्यावर साबण आणि पाण्यानं हात धुवा, नखांखालीही. सॅनिटायझरनं शिसं जात नाही, ते फक्त पसरतं. कपडे बदलल्याशिवाय बाळाला उचलू नका. ट्रे आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसा. झाडू मारला की भुकटी उडते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते.

साफ करताना चहा, शेंगदाणे, तंबाखू, काही नको.

१६. मुलानं चुकून सॉल्व्हंट प्यायलं तर?

उलटी काढू नका. मीठपाणी, दूध, बोट घालणं, काहीही नाही. रॉकेलसारखं द्रव्य पोटात असताना जेवढं घातक असतं, त्याहून जास्त ते उलटी होताना फुप्फुसात गेलं की घातक ठरतं. १०८ ला फोन करा, बाटली बरोबर घ्या आणि मोठ्या रुग्णालयात जा. मूल बरं दिसत असलं तरी जा, कारण खोकला आणि धाप काही तासांनी सुरू होऊ शकते.

माझ्या ओळखीच्या एका घरी हे घडलं. टर्पेंटाइन पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलं होतं. उन्हातून खेळून आलेल्या पाच वर्षांच्या मुलानं झाकण उघडून घोट घेतला. आजीनं घाबरून त्याच्या घशात बोट घातलं. मूल वाचलं, पण न्यूमोनियानं कित्येक दिवस रुग्णालयात होतं. आजीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सॉल्व्हंट मूळ डब्यातच ठेवा, कुलपात ठेवा.

१७. उरलेलं द्रव्य आणि काळे चौकोन कुठे टाकू?

बेसिनमध्ये आणि संडासात नाही. पुण्याच्या गटारातून गेलेलं शेवटी मुळा-मुठेत जातं, पुढे उजनीत.

वापरलेलं सॉल्व्हंट बरणीत स्थिर ठेवलं की मळ खाली बसतो आणि वरचं निवळ द्रव्य पुढच्या वेळी पहिल्या हातासाठी चालतं. तळाचा गाळ आणि चौकोन झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा. त्यावर ठळक अक्षरांत लिहा: शिसं, ज्वलनशील. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत अशा कचऱ्याला घरगुती घातक कचरा म्हटलं होतं. तो ओल्या-सुक्यात मिसळू नका. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तो कुठे देता येईल हे विचारा. कचरा वर्गीकरण करणाऱ्या ताईंच्या हातात तो उघडा, न सांगता देऊ नका. त्यांचे हात आपल्या शिशात माखणं हा अन्याय आहे, आणि तो टाळायला एक चिठ्ठी पुरते.

१८. सॉल्व्हंटनंतर खोबरेल तेल लावलं तर?

खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बाराला उतरतो आणि आंघोळीच्या वेळी बाटलीत पांढरा गोळा आपण सगळेच पाहतो. तोच गोळा स्लाइडच्या खाचेत आणि स्प्रिंगभोवती होतो. मोहरी, जवस, सूर्यफूल ही तेलं हळूहळू चिकट होतात.

बंदुकीचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं हलकं खनिज तेल चालतं. दोन थेंब, कापडावर. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुसा. मुळशी, लोणावळ्याकडे राहत असाल तर दर आठवड्याला. चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातले क्षार पोलादाला लागतात.

१९. मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळतो. मलाही हे सगळं लागू होतं?

नाही, आणि हे नीट वाचा. एअर पिस्तुलात दारू जळत नाही, काजळी होत नाही. नळीतून कोरडे फेल्टचे बोळे काढले की काम होतं. सॉल्व्हंट रबरी सीलना फुगवतं आणि पिस्तूल हवा सोडायला लागतं. त्याहून गंभीर म्हणजे दाबाच्या हवेत तेलाची किंवा सॉल्व्हंटची वाफ गेली, तर दाबानं ती पेटू शकते. सिलिंडरच्या तोंडाशी, व्हॉल्व्हवर, भरायच्या नळीवर तेलाचा थेंबही नको. कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस तेवढं, सांगितलेल्याच जागी. सिलिंडरवरची मुदत पाहा. मुदत संपलेला सिलिंडर कितीही स्वच्छ असला तरी भरू नका.

२०. जुनी लष्करी काडतुसं झाडली, नीट साफ केलं, तरी नळी गंजली. असं कसं?

तुमचं सॉल्व्हंट चांगलं होतं, मळ वेगळा होता. जुन्या काही काडतुसांच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाच्या जातीचा क्षार. तो हवेतली ओल ओढतो. पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटात क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. अशा वेळी आधी गरम पाण्यानं नळी धुवा, कोरडी करा, मग नेहमीचं सॉल्व्हंट आणि तेल. काळी दारू वापरणाऱ्या ठासणीच्या हत्यारांनाही हेच: गरम साबणाचं पाणी, आणि त्याच दिवशी.

२१. राष्ट्रीय स्पर्धेसाठी दिल्लीला जाताना सॉल्व्हंट बरोबर नेऊ का?

विमानात ज्वलनशील सॉल्व्हंट हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. रेल्वेत ज्वलनशील द्रव्य नेणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोरडे चौकोन, ब्रश आणि ते नळीतून ओढायची नायलॉनची दोरी न्या. द्रव्य तिथे पोहोचल्यावर घ्या किंवा संघाच्या आर्मररकडून मागा.

२२. निवडणुकीच्या काळात रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा होतं. देताना आणि परत आल्यावर काय करू?

देण्याच्या आदल्या दिवशी साफ करा. सॉल्व्हंटचा अंश राहू देऊ नका, नाहीतर तेलाचा थर पातळ होतो. नळीत आणि सिलिंडरच्या घरांत नेहमीपेक्षा किंचित जास्त तेल ठेवा, कारण महिना-दोन महिने कुणी पुसणार नाही. पावतीवर शस्त्राची स्थिती लिहून घ्या.

परत आल्यावर आधी प्रश्न ३ प्रमाणे रिकामं असल्याची खात्री करा, ते तुम्हीच रिकामं करून दिलं असलं तरी. तेल घट्ट झालं असेल तर सौम्य सॉल्व्हंटनं सोडवा. आणि झाडण्याआधी नळीतून, प्रत्येक घरातून कोरडा चौकोन काढा, तो कोरडाच बाहेर येईपर्यंत. नळीत आणि घरांत तेल साचलेलं असताना झाडलं तर दाब नको तिथे वाढतो.